फुलदाणीवरची क्ले मोज्यासारखी निघून आली! तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी काचेच्या जुन्या बाटलीवर पॉलिमर क्ले (ओव्हनमधे भाजून पक्की होते ती) आणि मणी लावून फुलदाणी कशी करायची ते लिहिलं होतं. जागा होती दीड पान, त्यामुळे बरंच राहून गेलं, आणि ते राहिलेलं सगळं आता तुमच्या पत्रांतून माझ्याकडे परत आलंय. निम्म्या पत्रांसोबत फोटो आहेत आणि फोटोत काय तर काळी पडलेली क्ले, तडे, ट्रेमधे घरंगळलेले मणी. एकीने तर नुसता फोटो पाठवलाय आणि खाली एकच शब्द, "का?" बाई गं, हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. तर या वेळी पूर्ण सदर याच विषयाला.

"ताई, आमच्याकडे ग्लाससारखी उभट काचेची फुलदाणी होती, वर रुंद आणि खाली निमुळती. दुकानाचा स्टिकर निघेना म्हणून खोबरेल तेल चोळून काढला. मग क्लेचे लहान लहान तुकडे लाटून एकाला एक जोडत सगळी फुलदाणी झाकली, वरून मणी दाबले, बेक केलं. ओव्हनमधून काढली तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की सासूबाईंनी पण छान म्हटलं (हे लिहून ठेवण्यासारखं आहे). दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर क्ले दोन ठिकाणी उकलली आणि उरलेली खालून सरळ निघून आली, पायातून मोजा निघतो तशी! मणी तर आधीच अर्धे पडले होते. चूक नक्की कुठे झाली?" (एक वाचक, नाशिक)

आधी सासूबाईंचं अभिनंदन. आता चूक. खरं सांगू का, एक नाही तीन झाल्यात, पण तिन्हींचं मूळ एकच आहे आणि ते मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. क्ले काचेला चिकटत नाही. काच गुळगुळीत, तिला ना छिद्रं ना खरखर, क्ले धरणार कशाला? ती काचेवर राहते ती फक्त घट्ट आवळून बसते म्हणून. तुमच्यापैकी कोणी गावाकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना बघितलीये का? लोखंडी कडं तापवून लाल करतात, तापलं की ते फुगतं, मग लाकडी चाकावर ठोकून बसवतात आणि वरून पाणी ओततात, की ते आकसून चाकाला असं आवळतं की वर्षानुवर्षं निघत नाही. आपल्या फुलदाणीत अगदी हेच होतं, फक्त लहान प्रमाणात. क्ले म्हणजे शेवटी प्लॅस्टिक, गरम झाल्यावर ती काचेपेक्षा जास्त फुगते आणि गार होताना काचेपेक्षा जास्त आकसते. ती अखंड कडं असेल तर काचेला आवळून बसेल, आणि जोडकाम कच्चं असेल तर तोच ताण जोडावर येऊन जोड उकलेल. तुमचं दोन ठिकाणी उकललं ते इथे.

म्हणून तुकडे जोडत बसू नका. एकच लांब पट्टी लाटा, सगळीकडे सारख्या जाडीची, अडीच-तीन मिलिमीटर. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या काड्या ठेवून लाटलं तर जाडी आपोआप सारखी येते, त्यासाठी पास्ता मशीन वगैरे घ्यायची काही गरज नाही. फुलदाणीभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं एकमेकांवर थोडी चढवा, आणि जिथे चढलीयेत तिथे ब्लेडने दोन्ही थरांतून एकच तिरका काप द्या. वरचा आणि खालचा जादा तुकडा काढून टाका, मग दोन्ही कडा अगदी तंतोतंत भिडतात. बोटाने घासून जोड पुसून टाका, दिसला नाही पाहिजे. खाली हवा अडकली असेल तर फुगा दिसेल, तिथे सुईने टोचून हवा बाहेर दाबा, नाहीतर ओव्हनमधे तो फुगा पुरीसारखा फुगतो.

दुसरी चूक खोबरेल. स्टिकरचा चिकटा तेलाने छान निघतो हे खरं आहे, पण नंतर ते तेल पण काढावं लागतं ना! भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, कोरडं करा, मग कापसावर स्पिरिट घेऊन पुसा आणि त्यानंतर काचेला बोट लावू नका, कडेने धरा. आमच्याकडे याच्यावर अजून एक उपाय करतात, काचेवर फेविकॉलचा अगदी पातळ हात फिरवायचा, पूर्ण वाळून पारदर्शक होऊ द्यायचा आणि मग क्ले लावायची. त्याने काचेला जरा खरखर येते आणि लावताना क्ले सरकत नाही. पण सगळा भरवसा त्याच्यावर टाकू नका, बेक झाल्यावर जी धरते ती आवळच.

आणि तिसरं म्हणजे आकार. खाली निमुळत्या भांड्यावर कडं कितीही घट्ट असलं तरी ते निमुळत्या बाजूला सरकणारच, बांगडी मनगटाकडे येते तसं. यासाठी मधे कंबर असलेली, किंवा पोट फुगीर आणि वर-खाली बारीक अशी फुलदाणी घ्या. तुमचीच वापरायची असेल तर क्ले तळाच्या कडेवरून आत वळवून अर्धा-एक सेंटिमीटर तळाखाली घ्या, म्हणजे तिला अडकायला जागा मिळेल.

मण्यांचं थोडक्यात. लाडवावर बेदाणा नुसता टेकवला तर डब्यात हलवल्या हलवल्या पडतो, आणि जरा आत दाबला की लाडू संपेपर्यंत जागचा हलत नाही. मण्याचा सगळ्यात रुंद भाग, त्याचं पोट म्हणा, क्लेच्या पातळीखाली गेलं पाहिजे. अर्ध्याच्या जरा पुढे. तिथवर दाबला की क्ले मण्यावर किंचित मिटते आणि मग तो सुटत नाही. बारीक पोतीचे मणी असतील तर भोक वर आकाशाकडे ठेवून दाबा, खालून क्ले भोकात चढते आणि मण्याला आतून धरते. मेक्सिकोत विचोल नावाचे आदिवासी आहेत, ते भोपळ्याच्या वाटग्यांवर मधमाशीच्या मेणात असेच बारीक मणी एकेक करून बसवतात, तिथे भट्टी नाही, ओव्हन नाही, नुसतं मेण आणि चिकाटी. तरी इतके मणी लावायचे म्हणजे डोळे जातात म्हणून माझी युक्ती सांगते. मणी बारीक तारेत ओवून घ्यायचे, अख्खी तार क्लेवर ठेवून लाटण्याने हलकेच दाबायची, सगळे नीट बसले की तार एका टोकाने सावकाश ओढून काढायची. इथे भोकं आडवी राहतात पण ओळ कशी सरळ येते बघा.

जे मणी तरीही पडतील ते बेक झाल्यावर त्यांच्या त्याच खळगीत फेविक्विकच्या एका थेंबाने बसवा. मी पण बसवते, कोणाला सांगायचं नाही.

"ताई मी अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून केलं. त्या २७५ वर अर्धा तास म्हणाल्या. माझा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २५० पर्यंतच जातो म्हणून मी फुल्ल ठेवला आणि वाटलं की थोडा कमीच आहे तर दहा मिनिटं जास्त ठेवू. पंधराव्या मिनिटाला घरभर धूर, डोळ्यांतून पाणी, क्ले काळी आणि मणी वितळून एकमेकांना चिकटले. शेजारचे विचारायला आले. क्ले डुप्लिकेट होती का?" (पुणे)

नाही हो, क्ले बिचारी अस्सल होती! त्या बाई फॅरनहाइट सांगत होत्या. २७५ फॅरनहाइट म्हणजे आपले १३५ सेल्सियस, आणि तुमच्या ओटीजीवरचे आकडे सेल्सियस. तुम्ही तिला जवळपास दुप्पट ताप दिला. या एका गोष्टीवर मला या महिन्यात चार पत्रं आलीत म्हणून सगळ्यांनी हे फ्रिजवर लिहून चिकटवा, क्लेच्या बाबतीत अमेरिकन आकडा ऐकला की आधी सेल्सियस करायचा.

आणि धूर नुसता धूर नव्हता. पॉलिमर क्ले पीव्हीसीची असते, म्हणजे आपले नळाचे पाइप ज्याचे असतात तेच, त्याच्यात मऊपणासाठी तेलकट रसायन मिसळलेलं. ती जळली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो. पुन्हा असं झालं तर पहिलं स्विच बंद, खिडक्या उघडा, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि पोपट-बिपट असेल तर तो पण दुसऱ्या खोलीत, आणि ओव्हनचं दार गार होईपर्यंत उघडायचं नाही. नंतर आतून ओल्या कपड्याने सोडा लावून पुसून घ्या.

आता योग्य ताप किती. पाकिटावर जो लिहिलाय तोच, माझ्यावर पण विश्वास ठेवू नका. फिमो सॉफ्ट या कंपनीच्या क्लेवर ११० सेल्सियसला ३० मिनिटं असं असतं, स्कल्पी कंपनीच्या प्रीमो क्लेला १३०च्या आसपास, आणि वेळ जाडीप्रमाणे, दर ६ मिलिमीटरला अर्धा तास. एक मात्र लक्षात ठेवा, योग्य तापावर थोडं जास्त वेळ ठेवलं तर काही बिघडत नाही, उलट कमी ठेवलं तर क्ले ठिसूळ राहते आणि नखाने तुकडा पडतो. जळते ती तापाने, वेळेने नाही.

घरगुती ओटीजीचं बटण सांगतं एक आणि आत असतं भलतंच, माझा स्वतःचा वीस डिग्री पुढे पळतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या, या छंदात एवढा एकच खर्च मी हट्टाने करायला लावते. फुलदाणी उंच असते त्यामुळे तिचं तोंड वरच्या रॉडला जवळजवळ टेकतं, तर वरचा रॉड बंद ठेवा किंवा फुलदाणी आडवी ठेवा, खाली कागदाच्या चुण्यांची गादी करून, आणि वरून फॉइलचा तंबू करा. काच आहे म्हणून ओव्हन थंड असतानाच आत ठेवायची, आणि झाल्यावर बंद ओव्हनमधेच गार होऊ द्यायची. रात्री बेक करा, ओव्हन बंद करून झोपा, सकाळी काढा. गरम फुलदाणी ओल्या ओट्यावर ठेवली आणि टचकन आवाज आला अशी एक कहाणी माझ्याकडेही आहे पण ती परत कधीतरी.

"पॉलिमर क्ले म्हणजे एम-सीलच ना? आमच्या इथला दुकानदार म्हणतो सगळं एकच, आणि दोन पाकिटं एकत्र मळायची ती माती देतो." (कोल्हापूर)

एक नाही. दुकानदाराकडे जे असतं ते सगळं त्याच्या दृष्टीने एकच असतं.

दोन पाकिटांची जी असते, एम-सील किंवा म्युरलसाठी मिळते ती शिल्पकार वगैरे, ती इपॉक्सी. एक पाकीट राळ, दुसरं ती घट्ट करणारं, सारखी सारखी घेऊन मळलं की आपोआप काही तासांत दगड होते, ओव्हन लागत नाही. पॉलिमर क्ले एकाच पाकिटात येते, उघडी ठेवली तरी वाळत नाही, तुम्ही महिनाभर तिच्याशी खेळत बसा, भाजल्याशिवाय पक्की होत नाही. नावात क्ले असली तरी तिच्यात माती म्हणून काही नाही. तिची गोष्ट पण गमतीची आहे. जर्मनीत केथे क्रूझे म्हणून बाहुल्या करणाऱ्या एक प्रसिद्ध बाई होत्या. बाहुल्यांची डोकी करायला म्हणून हे प्लॅस्टिक त्यांच्याकडे आलं, बाहुल्यांना काही ते जमलं नाही, पण त्यांच्या मुलीने, तिला घरात फिफी म्हणायचे, त्यातून रंगीत कारागिरीची क्ले उभी केली. १९६४ मधे ती एबरहार्ड फाबर कंपनीने घेतली, आणि फिमो नावातला फि तो या फिफीचा. आता ती स्टेडलरकडे आहे, तेच आपले पेन्सिलवाले.

तुमच्याकडे इपॉक्सीच मिळत असेल तर निराश होऊ नका, काचेवर ती खरोखर चिकटते, आणि आकसत नाही. फक्त वेळ मर्यादित, थोडी थोडीच मळायची, हातात ग्लोव्ह्ज घालायचे कारण काही जणींच्या हाताला खाज सुटते, आणि रंग नंतर द्यायचे.

"माझ्याकडे ओव्हन नाही. मायक्रोवेव्हमधे, कुकरमधे किंवा गॅसवर कढईत वाळू घालून केलं तर चालेल का? यूट्यूबवर सगळं चालतं असं दाखवतात." (ठाणे)

मायक्रोवेव्ह साफ नाही, त्याच्यात क्ले कुठे कच्ची कुठे जळकी होते आणि मण्यांना सोनेरी मुलामा असला तर ठिणग्या उडतील. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन मोड असेल तर मात्र तो ओव्हनच समजा. कढईत वाळूचा ताप तुम्हाला कळणार नाही, आणि तो कळला नाही की वरचं पुण्याचं पत्र पुन्हा वाचा. कुकरमधे ताप तसा पुरेसा होईल पण वाफेने क्लेवर पांढुरके डाग येतात, आणि ज्या कुकरमधे वरणभात होतो त्यात हे प्लॅस्टिक शिजवायचं मला मनाला पटत नाही.

घरच्या घरी कॉर्नफ्लोअर क्ले करतात ती माहीत असेलच, एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, चमचाभर तेल आणि चमचाभर लिंबूरस, मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवायचं आणि मळायचं. फुलं, पानं, पाकळ्या त्याच्या इतक्या नाजूक होतात की काय सांगू. पण तीच क्ले अख्ख्या बाटलीभोवती थापली तर हमखास तडा जातो, कारण तिच्यातलं पाणी उडतं तशी ती आकसते आणि आत काच काही आकसत नाही. म्हणून ओव्हन नसेल तर अशी मिसळ करा, बाटलीवर पट्टा इपॉक्सीचा, त्यात मणी ओले असतानाच दाबायचे, आणि वर लावायची सुटी फुलं कॉर्नफ्लोअरची, वेगळी वाळवून मग चिकटवायची. मला स्वतःला हे कॉम्बिनेशन नुसत्या पॉलिमरपेक्षा जास्त आवडतं, पण हा विषय पॉलिमरचा आहे म्हणून गप्प बसते.

"ताई कुठले मणी ओव्हनमधे टिकतात? माझ्या आईच्या जुन्या मंगळसूत्राचे काळे मणी डबीत पडून आहेत, पोत तुटल्यावर परत ओवलंच नाही. आई आता नाही. ते वापरायची खूप इच्छा आहे पण वितळले तर? आणि वापरावेत का हाही प्रश्न आहे." (सातारा)

हे पत्र मी दोनदा वाचलं.

आधी सोपं उत्तर. काचेचे मणी, दगडाचे, धातूचे, मातीचे, शिंपल्याचे, कवड्या, आरसे, हे सगळं १३० डिग्रीला आरामात टिकतं. लाकडी मणी पण चालतात, रंग जरा गडद होतो. ॲक्रिलिक, प्लॅस्टिकचे मोती, चमचमणाऱ्या टिकल्या हे नाही. ते बेक झाल्यानंतर चिकटवायचे. जुन्या मंगळसूत्रातले काळे मणी बहुतेक काचेचेच असतात त्यामुळे तुमचे टिकायला हवेत. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हे. म्हणून एकच मणी घ्या, तोही ज्याचं भोक आधीच तुटलंय असा एखादा असतोच, तो फॉइलच्या तुकड्यावर ठेवून ओव्हनमधे १३०ला वीस मिनिटं ठेवा. गार झाल्यावर भिंगातून बघा, कडा गोलसर झाल्यात का, चमक गेलीये का, फॉइलला चिकटलाय का. तसाच्या तसा असेल तर बाकीच्यांना भीती नाही. ओव्हनआधी पण एक अंदाज घेता येतो, मणी दाताला हलका टेकवा, काच गार लागते आणि टिक असा आवाज येतो, प्लॅस्टिकचा आवाज मऊ येतो.

ही परीक्षा मी शिकले ती फजिती होऊन. एका दुकानातून अस्सल काचेचे म्हणून मोती आणले होते, दुकानदाराने दोनदा सांगितलं, ताई काच आहे काच. मैत्रिणीच्या वास्तुशांतीसाठी फुलदाणी केली, पांढऱ्या क्लेवर तीन ओळी मोत्यांच्या. ओव्हनमधून काढली तर मोत्यांची चंदेरी साल सापाच्या कातीसारखी सुटलेली आणि आत पिवळट प्लॅस्टिक, काही तर चपटे होऊन बसलेले. वास्तुशांतीला मी शेवटी कुकर नेला. आता पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला गेले की पाव किलो घ्यायच्या आधी दहा मणी घेऊन घरी येते, भाजते, मग परत जाते. उत्तर प्रदेशात हाथरसजवळ पुरदिलनगर म्हणून गाव आहे, तिथले कारागीर दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करतात, तसे मणी या बाजारांत नीट शोधले तर मिळतात, जरासे वेडेवाकडे, दोन कधी एकसारखे नसतात आणि मला तेच हवे असतात.

आता वापरावेत का. माझ्या मते वापरा. डबीत काय होणारेय त्यांचं? पण सगळे एकदम लावू नका, आणि इतर मण्यांत मिसळू पण नका. फुलदाणीच्या गळ्याशी, फक्त गळ्याशी, एकच ओळ, किंवा दोन पदरी. साध्या मातकट किंवा हळदी रंगाच्या क्लेवर काळे मणी काय उठून दिसतात. वाटी असेल तर ती लावू नका, ती तुमच्याकडे राहू द्या. घरात कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

"व्हार्निश नव्हतं म्हणून चकाकीसाठी ट्रान्सपरंट नेलपॉलिश लावलं. महिना झाला, अजून चिकट चिकट लागतंय आणि सगळी धूळ बसलीये." (नागपूर)

आणि ते वाळणारही नाही. नेलपॉलिशमधली रसायनं क्लेला मऊ करतात, कितीही उन्हात ठेवा. बऱ्याच स्प्रे व्हार्निशचं पण हेच होतं. कापसावर स्पिरिट घेऊन जेवढं निघेल तेवढं काढा, मग पाण्यात भिजवून बारीक पॉलिशपेपरने घासा, आधी ४००, मग ६००, मग १०००. खरं सांगायचं तर १०००च्या पेपरनंतर जीन्सच्या तुकड्यावर घासलं की जी चमक येते ती कुठल्याच व्हार्निशला नाही. अगदी हवंच असेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक व्हार्निश घ्या.

"मी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी करायचंय. क्लेमधे आतून डिझाइन असलेली फुलं कशी करतात? प्रत्येक फूल वेगळं रंगवतात का?" (अहिल्यानगर)

नाही रे, कोण रंगवत बसेल! तू घरी बाकरवडी बनवताना बघितलीस का? पारी लाटायची, सारण पसरायचं, गुंडाळी करायची आणि कापायची, प्रत्येक वडीत तोच गोल येतो की नाही? हेच ते. पिवळ्या क्लेची पारी, तिच्यावर केशरी क्लेची पारी, घट्ट गुंडाळी, झाली बाकरवडी. आता गंमत अशी की ही गुंडाळी तू हाताने हळूहळू लांब लाटत गेलास तर ती बारीक होते पण आतलं डिझाइन तेच राहतं, नुसतं लहान होतं. फुलासाठी मधे एक पिवळी वळी, तिच्याभोवती पाच-सहा लाल वळ्या, फटींमधे हिरव्या बारीक वळ्या, वरून हिरवी पारी गुंडाळायची आणि सगळं एकत्र दाबून लाटायचं. मग फ्रिजमधे अर्धा तास ठेव, नाहीतर कापताना चपटं होतं, आणि धारदार ब्लेडने (मोठ्यांना सांग) पातळ चकत्या काप. प्रत्येक चकतीत फूल! दोन्ही टोकांच्या पहिल्या दोन-तीन चकत्या विद्रूपच येतात, ते चालायचंच, बाकरवडीची टोकं पण तशीच असतात आणि तीच आधी खाल्ली जातात. ही मात्र खाऊ नकोस. आणि आईच्या पोळपाट-लाटण्याला हात लावायचा नाही, या क्लेसाठी वेगळी टाइल आणि वेगळी काचेची बाटली घे, ती परत स्वयंपाकात वापरायची नाही.

उन्हाळ्यात क्ले हाताला चिकटायला लागली तर साध्या पांढऱ्या कागदावर दाबून ठेव, कागद तिच्यातलं जास्तीचं तेल ओढतो. आणि उरलेली क्ले दह्याच्या किंवा चहाच्या त्या पातळ कडक प्लॅस्टिक कपात ठेवू नकोस, त्या प्लॅस्टिकला ती खाते, सकाळी दोन्ही एकजीव झालेले दिसतील. फॉइलमधे गुंडाळ.

"काचेऐवजी प्लॅस्टिकची बाटली, मातीचा माठ किंवा पितळी तांब्या चालेल का? आणि एका फुलदाणीला किती क्ले लागते, पाकिटं महाग आहेत हो." (डोंबिवली)

प्लॅस्टिकची बाटली ओव्हनमधे मुरगळून जाईल, नाही. मातीचं भांडं चालतं पण आधी रिकामंच ११०-१२०ला तासभर तापवून आतला ओलावा घालवा, नाहीतर वाफ क्लेखाली साठते. त्यात पाणी पाझरतं म्हणून ताज्या फुलांसाठी आत काचेचा ग्लास ठेवावा लागतो, सुकी फुलं असतील तर प्रश्न नाही. आणि तांब्या? अहो तांब्या तर सगळ्यात भारी, गळा बारीक, पोट मोठं, क्ले जाते कुठे! कल्हई असली तरी घाबरू नका, कथील वितळायला २३२ डिग्री लागतात, आपण तिथवर जातच नाही. चिंचेने लख्ख घासा, कोरडा करा, स्पिरिटने पुसा. फक्त त्यातून पुन्हा पाणी प्यायचं नाही.

किती लागते ते हिशोबाने सांगते. ७ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच अशी फुलदाणी अडीच मिलिमीटर जाडीने पूर्ण झाकायची तर साधारण २०० ग्रॅम क्ले जाते. लहान पाकीट ५७ ग्रॅमचं असतं, म्हणजे तीन-चार पाकिटं, आणि नवशिक्याने चारच धरावी. परवडत नसेल तर अख्खी झाकूच नका. तांब्याच्या गळ्याभोवती दोन-तीन बोटं रुंद पट्टा करा, त्याच्यातच सगळे मणी, खाली पितळ तसंच उघडं. एका पाकिटात भागतं, आणि खरं सांगते, पूर्ण मढवलेल्या फुलदाणीपेक्षा हे कितीतरी देखणं दिसतं. माझ्या हॉलमधे सध्या तीच आहे, परवा केबलवाला विचारत होता कुठून घेतली.